आधीं चिंधी, मग चाप

नेमबाजीचें नांव काढतांच आमच्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकूं लागतात, आणि तसें होणें स्वाभाविकच आहे. सन २००८ मध्यें बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत अभिनव बिंद्रा यांनीं १० मीटर हवाई रायफलच्या स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें; वैयक्तिक खेळांत भारताला मिळालेलें तें पहिलें सुवर्णपदक होय. त्यापूर्वीं सन २००० मध्यें सिडनी येथें अंजली भागवत यांनीं आणि सन २००४ मध्यें अथेन्स येथें सुमा शिरूर यांनीं याच प्रकारांत अंतिम फेरी गांठून महाराष्ट्राचें नांव जगापुढें नेलें होतें. सन २०२२ मध्यें कैरो येथें ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील याच प्रकारांत जगज्जेते ठरले. आणि सन २०२४ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीसारख्या खेड्यांतून आलेल्या स्वप्नील कुसळे यांनीं पॅरिस येथें ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक पटकाविलें. खेड्यांतल्या मुलाचा नेम शहरांतल्या मुलापेक्षां कमी नसतो, याचा यापेक्षां उत्तम पुरावा कोणता?

हीं नांवें मुलांना पाठ असतात. परंतु त्या विजयांतील जो क्षण त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो, तो केवळ चाप ओढण्याचा. त्या क्षणाच्या मागें जें पुष्कळसें नीरस, धिमें आणि कोणाच्याही टाळ्या न मिळविणारें काम असतें, तें कोणास दिसत नाहीं. त्यांतील एका कामाविषयीं आज आम्ही चार शब्द लिहूं इच्छितों. तें काम म्हणजे बंदुकीची नळी साफ करणें. विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. पण एखाद्या मुलाचा डोळा ज्यावर अवलंबून आहे, त्या विषयास आम्ही क्षुल्लक मानीत नाहीं.

आमच्या पिंपळगांव राजासारख्या गांवांतील मुलांची हवाई बंदुकीशीं गांठ साधारणपणें तीन ठिकाणीं पडते. पहिलें ठिकाण यात्रेंतील फुगे फोडण्याचें दुकान. तेथें चार पैसे दिले कीं कोणाच्याही हातीं बंदूक येते. दुसरें ठिकाण शेतांतलें मचाण. रोही, रानडुकरें आणि माकडें यांनीं गांजलेला शेतकरी आवाज करून तीं हांकून लावावीं म्हणून खोपडीच्या कुडाला एक जुनी छर्र्याची बंदूक अडकवून ठेवतो. (वन्य प्राण्यांवर ती रोखणें हा सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा ठरूं शकतो, हें येथें सांगून ठेवणें इष्ट.) तिसरें ठिकाण म्हणजे छात्रसेनेचें वा नेमबाजीचें शिबिर, त्यासाठीं गांवांतील मुलामुलींना खामगांवास, बुलढाण्यास किंवा त्याहूनही दूर जावें लागतें. या तिन्ही ठिकाणीं एक गोष्ट वेगळी दिसते. यात्रेंतील बंदूक साफ होते कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. शेतांतील बंदूक अडली म्हणजेच साफ होते, आणि तीही हाताशीं येईल त्या तारेनें. फक्त छात्रसेनेंत शस्त्राचे भाग ओळखणें, तें उघडणें, साफ करणें व पुन्हां जोडणें हा शिक्षणाचाच भाग मानला जातो. सन १९४८ पासून चालत आलेल्या त्या शिस्तींत मोठें शहाणपण आहे. तें शिबिराच्या आवारांतच राहूं न देतां गांवांत, शेतांत आणि घरांत आणावें, इतकेंच आमचें मागणें आहे.

आमचें मत आम्ही आरंभींच स्पष्ट सांगतों. ज्यास नळी सुरक्षितपणें साफ करतां येत नाहीं, त्याच्या बोटास चाप लागूं देऊं नये. नेमबाजीचा पहिला धडा नेमाचा नसावा. तो सफाईचा असावा.

या मताच्या आड पहिली अडचण येते ती 'हें तर खेळणें आहे' या समजुतीची. सन २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें ज्या हवाई बंदुकीच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचाहून, म्हणजे साडेचार मिलिमीटरहून अधिक नाहीं आणि जिच्या छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आंत आहे, तिला परवाना लागत नाहीं. परवाना लागत नाहीं, एवढ्यावरून लोक ती निरुपद्रवी ठरवितात. ही समजूत इतिहासही खोटी पाडतो. सन १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यानें जिरांदोनी नांवाच्या कारागिराची हवाई रायफल आपल्या शिपायांच्या हातीं दिली होती. केवळ दाबलेल्या हवेच्या बळावर माणूस मारणारें तें शस्त्र होतें. आजची सामन्यांची रायफल तितकी जबर नाहीं, हें खरें. पण आमच्या विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करून पाहावें. तिचा छर्रा सुमारें अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि त्याचा वेग सेकंदास सुमारें १७० मीटर असतो. वस्तुमान गुणिलें वेगाचा वर्ग, त्याचें अर्धें, या सूत्रानें त्याची ऊर्जा सात ज्यूलच्या वर जाते. कायद्याच्या मर्यादेच्या निम्म्याहूनही हें कमी आहे. तरी तेवढा छर्रा डोळा कायमचा घालविण्यास पुरेसा होतो. दहा मीटर अंतर तो सेकंदाच्या सुमारें सतराव्या भागांत तोडतो. आपली पापणी मिटण्यास याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे ज्या पापणीच्या भरंवशावर आपण धुळीपासून व चिलटांपासून डोळा वांचवितों, ती पापणी येथें वेळेवर पोहोंचतच नाहीं.

आतां कोणी विचारील कीं, धोका तर नेम धरतांना. सफाईच्या वेळीं कसला धोका? वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. नेम धरतांना सर्वांचें लक्ष बंदुकीवर असतें. नळी लक्ष्याकडे असते. पुढें कोणी उभें राहत नाहीं. शिक्षक हुकूम देत असतो. सफाईच्या वेळीं मात्र मन सैल पडतें. बंदूक मांडीवर येते, तिचें तोंड कधीं भावंडाकडे, कधीं दाराकडे, कधीं आपल्याच गुडघ्याकडे वळतें. नळी साफ झाली कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं मुलगा पुढील तोंडाला डोळा लावतो. आणि या सर्वांच्या मुळाशीं एकच वाक्य असतें: 'ती रिकामी आहे.' हें वाक्य ज्यानें उच्चारलें, त्यानें बहुधा आंत पाहिलेलें नसतें. त्यास तसें आठवत असतें एवढेंच. नळीचें आंतलें अंग काळोखाचें. तेथें दृष्टिआड सृष्टि ही म्हण अक्षरशः लागू पडते. म्हणून रिकामी बंदूक ही स्मरणानें रिकामी ठरवूं नये. ती डोळ्यांना रिकामी दिसली पाहिजे.

यासाठीं आंतरराष्ट्रीय सामन्यांत एक साधी युक्ति सक्तीची केली आहे. नेमबाज रायफल पेटींतून काढतो, तेव्हां तिच्या नळींत भडक नारिंगी रंगाची एक लांब दोरी घातलेली असावी लागते. हवाई रायफलची ही दोरी नळीच्या या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जाते, व दोन्ही बाजूंस बाहेर दिसते. नळींत छर्रा असेल तर दोरी जाणारच नाहीं. आणि दोरी आंत आहे तोंवर छर्रा भरतां येणार नाहीं. दहा पावलांवर उभा असलेला पंचही एका दृष्टिक्षेपांत शस्त्र निर्धोक आहे हें जाणतो. जगज्जेत्यालाही येथें तोंडी शब्दावर सोडीत नाहींत! ही दोरी विलायतेहून मागविण्याचें कारण नाहीं. गवत कापण्याच्या यंत्रांत नायलॉनची जी रंगीत जाड दोरी लावतात, तिचा नळीहून हातभर लांब तुकडा हें काम उत्तम करतो. आमच्या गांवांत ज्या घरीं हवाई बंदूक आहे, त्या घरीं अशी एक दोरी असावीच, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

आतां प्रत्यक्ष सफाईची रीत सांगतों. ही रीत वडील माणसाच्या किंवा शिक्षकाच्या देखत करावयाची आहे. मुलानें एकट्यानें घरांत बसून करण्याची नव्हे.

प्रथम छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलींत ठेवावी. जेथें छर्राच नाहीं, तेथें तो चुकून भरला जाण्याची भीति नाहीं. मग बंदुकीचें तोंड अशा बाजूस करावें, जेथें माणूस, जनावर, दार वा खिडकी नाहीं. मातीची जाड भिंत उत्तम. बोट चापापासून दूर ठेवावें. त्यानंतर छर्रा भरण्याची जी मागील बाजू, ती उघडून आंत पाहावें. ज्या बंदुकीची नळी बिजागरीवर खालीं वांकते, तिच्या बाबतींत एक विशेष सावधगिरी हवी. नळी पुरती वांकविली कीं आंतील स्प्रिंग ताणली जाते. सफाईसाठीं ती ताणण्याची गरज नाहीं. मागील तोंड उघडें होण्यापुरतीच नळी वांकवावी. ताणलेल्या बंदुकीचा चाप नळी उघडी असतां ओढला गेला, तर ती नळी झटक्यानें मिटते, आणि मध्यें सांपडलेलीं बोटें चिरडतात. स्प्रिंग ताणली गेली असेल तर मुलानें नळी घट्ट धरून तत्काळ मोठ्या माणसास हांक मारावी. ती उतरविण्याचें काम त्या माणसाचें आहे, आणि तेंही बंदुकीबरोबर आलेल्या पुस्तिकेप्रमाणें. ज्या रायफलमध्यें दाबलेल्या हवेचें सिलिंडर असतें, तिचा तो भाग घरीं कधींच उघडूं नये. त्यांतील हवेचा दाब मोटारीच्या चाकांतील दाबाच्या कित्येक पटींनीं जास्त असतो.

नळी रिकामी आहे याची साक्ष पटली, म्हणजे ती रंगीत दोरी मागील तोंडांतून आंत घालून पुढील तोंडांतून बाहेर काढावी. दोरीच्या मागील टोंकास लहानशी चिंधी अडकवावी आणि पुढून एका सरळ ओढीनें ती बाहेर काढावी. छात्रसेनेंतील मुलें यास पुलथ्रू म्हणतात. चिंधी काळी निघेल. दुसरी घालावी, तिसरी घालावी. ती बरीचशी पांढरी निघाली कीं काम झालें. चिंधी नेहमीं मागून पुढेंच ओढावी, पुढून मागें नव्हे. त्याचीं दोन कारणें आहेत. एक, मळ बाहेर पडतो. यंत्राच्या पोटांत जात नाहीं. दुसरें, नळीच्या पुढील तोंडाची कड फार नाजूक असते. छर्रा तेथून सुटतांना त्याच्या पाठीमागची हवा सर्व बाजूंनीं सारखी निसटली पाहिजे. कडेला एखादा ओरखडा पडला, तर हवा त्या बाजूनें आधीं निसटते आणि छर्र्यास वांकडा धक्का देते. सामन्यांतील १० मीटरच्या लक्ष्याचें मधलें टिंब अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचें असतें. अशा ठिकाणीं एका ओरखड्यानें वर्षांची मेहनत वाया जाऊं शकते.

चिंधी कशाची घ्यावी, हेंही सांगितलें पाहिजे. आमचा वऱ्हाड कापसाचा प्रांत. घरांत कापूस मुबलक. पण सुटा कापूस नळींत घालूं नये. त्याचे तंतू आंत राहतात. अनेकदां धुऊन मऊ झालेलें जुनें धोतर वा लुगडें यांची चिंधी त्याहून चांगली. ती कोरडी असावी आणि ओढतांना थोडासाच अडसर व्हावा इतकी लहान असावी. चिंधी मध्येंच अडकली, तर दांडगाई न करतां शिक्षकास दाखवावें.

काय करूं नये, याची यादी तर याहून महत्त्वाची आहे. छत्रीची तार, सायकलचा आरा, लोखंडी सळई यांपैकीं कांहींही नळींत घालूं नये. नळीच्या आंत पीळ दिलेल्या बारीक खांचा असतात. त्यांच्यामुळें छर्रा भोंवऱ्यासारखा फिरत जातो व सरळ राहतो. पोलादी तारेनें त्या खांचा खरवडल्या कीं बंदूक कायमची बिघडली. छर्रा आंत अडकला असेल, तर त्याच्यामागें दुसरा मारून तो काढण्याचा प्रयत्न कधींही करूं नये. एकाचे दोन होतात. नळी तोंडानें फुंकूं नये. फवारणीच्या पंपाची तोटी चोंदली असतां ती तोंडानें फुंकूं नये, हें शेतकऱ्यांना वारंवार सांगावें लागतें. त्याच चुकीचें हें दुसरें रूप आहे. येथें तर ओठ बंदुकीच्या तोंडाला लागतो.

तेलाची गोष्ट स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. कुरकुरणाऱ्या यंत्रांत तेल घालावें, हें आपण बैलगाडीपासून शिवणयंत्रापर्यंत पाहत आलों. म्हणून पुष्कळ लोक बंदुकीच्या नळींतही तेलाची धार सोडतात. हें घातक आहे. सायकलला हवा भरतांना पंप गरम होतो, हें प्रत्येक मुलास ठाऊक आहे. हवा दाबली कीं तापते. विहिरीवरील डिझेल इंजिनांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. आंतील हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या उष्णतेनेंच इंधन पेटतें. रुडॉल्फ डिझेल यांनीं सन १८९७ मध्यें यशस्वी करून दाखविलेलें तत्त्व तें हेंच. स्प्रिंगच्या हवाई बंदुकींतही दट्ट्या एका क्षणांत हवा दाबतो. तेथें तेल पोहोंचलें असेल तर तें भडकतें; मोठा आवाज होतो, धूर निघतो, छर्रा अपेक्षेहून जोरानें सुटतो आणि आंतील वॉशर व स्प्रिंग यांची हानि होते. दाबलेल्या हवेच्या सिलिंडरच्या रायफलमध्यें तर साधें खनिज तेल जाऊंच देऊं नये. त्या दाबाखालीं तें स्फोटास कारण होऊं शकतें. अति तेथें माती म्हणतात. येथें थोडेंही अतिच समजावें. तेलाचें खरें काम बंदुकीच्या बाहेरच्या अंगावर आहे. घामांतील क्षारानें आणि पावसाळ्याच्या ओलीनें लोखंड गंजतें. म्हणून हात लागलेल्या जागा कोरड्या पुसून वर तेलाचा पुसट हात फिरवावा. आंत कोणतें तेल, किती व कोठें घालावें, हें पुस्तिका सांगेल तेवढेंच खरें.

दुसरी एक चूक अति उत्साहाची. स्वप्नील कुसळे यांनीं ज्या रायफलनें पदक मिळविलें, ती काडतुसाची रायफल. काडतुसांत दारू जळते, तिची राख व चिकटा नळींत राहतो. हवाई रायफलमध्यें कांहींच जळत नाहीं. तिच्या नळींत उरतो तो शिशाचा बारीक भुगा आणि छर्र्यावरील तेलकट अंश. म्हणून काडतुसाच्या बंदुकीचा नियम येथें लावून ती रोज घांसणें व्यर्थ आहे. त्या बंदुकीसाठीं विकलीं जाणारीं उग्र द्रावणेंही येथें वापरूं नयेत. तीं आंतील रबरी कडीं खराब करतात. पुस्तिकेंत सांगितलेल्या अंतरानें, किंवा नेम विनाकारण विखुरूं लागला म्हणजे, नळी साफ करावी. जेथें ज्याची गरज, तेथें तितकेंच करणें यासच आम्ही निगा म्हणतों.

सफाई संपल्यावर साबणानें हात धुवावेत. छर्रे शिशाचे असतात. शिसें शरीरांत सांठत जातें आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करतें. त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित आहे असें जागतिक आरोग्य संघटना मानीत नाहीं. यास्तव काळ्या झालेल्या चिंध्या चुलींत न घालतां कागदांत गुंडाळून टाकाव्यात. आणि छर्रे तोंडांत धरून नेम धरण्याची संवय कोणास असेल, तर ती त्यानें आजच सोडावी. शेवटीं रंगीत दोरी पुन्हां नळींत घालून बंदूक कुलपांत ठेवावी, छर्रे दुसऱ्या कुलपांत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, एवढी जोखीम आहे तर मुलांच्या हातीं बंदूक द्यावीच कां? सफाईही मोठ्या माणसांनींच करावी. या म्हणण्यांत वात्सल्य आहे, हें आम्ही जाणतों. परंतु जें मुलगा आमच्यासमोर करणार नाहीं, तें तो आमच्या पश्चात् करील, हा सार्वत्रिक अनुभव आहे. खोपडीच्या कुडाला टांगलेली बंदूक दुपारीं शेतांत कोणी नसतांना त्याच्या हातीं लागते. तेव्हां त्याला ठाऊक असतें केवळ चाप ओढणें. ज्यानें दहा वेळां दोरी घालून नळी तपासली आहे, त्याचा हात त्या दुपारींही आधीं मागील तोंडाकडे जाईल. ज्या घरास मुलाच्या हातीं बंदूक द्यावयाचीच नसेल, त्यानें ती देऊं नये. तो मार्ग सर्वांत सोपा. मात्र मग ती कुडाला टांगलेलीही असूं नये.

दुसरा आक्षेप उघडपणें कोणी बोलत नाहीं, पण तो मनांत असतो. सफाई हें हलकें काम. नेम धरावा नेमबाजानें, नळी पुसावी नोकरानें. हा विचार बंदुकीपुरता नाहीं. आपल्या समाजाच्या अंगीं तो पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे. याच वऱ्हाडांतील शेंडगांवीं सन १८७६ मध्यें जन्मलेल्या गाडगे महाराजांनीं हातीं खराटा धरून तो विचार झाडून काढण्याचा आयुष्यभर प्रयत्न केला. जो वापरतो त्यानें साफ करावें, या नियमांत केवळ श्रमाची प्रतिष्ठा नाहीं. त्यांत सुरक्षितताही आहे. दुसऱ्यानें पुसून आणून दिलेली बंदूक हातीं घेणारा मुलगा ती रिकामी आहे असें दुसऱ्याच्या शब्दावर मानतो, आणि वर सांगितलेलें तें घातक वाक्य तेथेंच जन्म घेतें. ज्यानें स्वतः चिंधी ओढली, त्याला नळीचा आंतबाहेर परिचय असतो. खांच कोठें झिजली, कड कोठें दुखावली, हें त्यालाच प्रथम कळतें. म्हणून मोठे नेमबाज आपल्या रायफलची निगा स्वतः जाणून घेतात.

आमच्या घरोघरीं खंडेनवमीस शस्त्रें व अवजारें घांसून पुसून त्यांची पूजा करण्याची चाल आहे. नांगर, विळा, कोयता आणि ज्याच्या घरीं असेल त्याची बंदूकही पाटावर मांडली जाते. पूजेपूर्वीं घांसणें व पुसणें आलें, यांत या चालीचा सर्व अर्थ सांठवला आहे. कालांतरानें मात्र घांसणें मागें पडलें व हळदकुंकू पुढें आलें. क्वचित् तें नळीच्या तोंडांतही गेलें. पालकांस आमची सूचना अशी कीं, येत्या खंडेनवमीस ज्यांच्या घरीं हवाई बंदूक आहे त्यांनीं मुलामुलींना जवळ बसवून आधीं छर्रे बाजूला काढावेत, मागील तोंड उघडून दाखवावें आणि दोरी त्यांच्या हातीं द्यावी. मुलींनाही जवळ बसवा, हें आम्ही मुद्दाम लिहितों. ज्या प्रांतांतून अंजली भागवत आणि सुमा शिरूर पुढें आल्या, तेथें हें सांगावें लागूं नये, पण लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां खामगांवच्या शिबिरास जाईल, कोणी पुढें पुण्यामुंबईच्या सामन्यांत उतरेल. तुमचा नेम किती अचूक ठरेल, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. तो अभ्यासाचा, वर्षांचा व कांहींसा दैवाचाही प्रश्न आहे. पण नळी रिकामी आहे कीं नाहीं, हा प्रश्न दैवाचा नाहीं. त्याचें उत्तर हातभर दोरी देते. बंदूक हातीं घेण्यापूर्वीं तें उत्तर स्वतः पाहून घ्या. आणि कोणी घाईनें 'रिकामीच आहे' असें म्हणाला, तर तो वयानें, मानानें कितीही मोठा असो, त्यास नम्रपणें पण ठामपणें सांगा, 'दादा, दोरी घालून दाखवा.' असें म्हणण्यांत कोणाचाही अपमान नाहीं. उलट, दोन डोळे वांचविण्याचें पुण्य मात्र खास आहे.